भारतातील पर्यटकांची निवासव्यवस्था : प्रकार आणि प्रवेशाचे निकष

प्रस्तावना

पर्यटनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निवासव्यवस्थेचे वर्गीकरण बहुधा ताऱ्यांच्या संख्येवरून केलेले आढळते. एकतारांकित हॉटेलापासून पंचतारांकित डिलक्स हॉटेलापर्यंतची ही उतरंड परीक्षेत लिहिण्यास सोयीची आहे. मात्र आषाढीला पंढरपुरास, उन्हाळ्यात माथेरानला किंवा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या अनुभवाशी तिचा फारसा संबंध येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरण समितीकडून मिळणारे तारांकन ऐच्छिक असते. मालकाने अर्ज केल्याखेरीज ते मिळत नाही आणि मिळाल्यावर ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. देशातील बहुसंख्य लॉज, धर्मशाळा, भक्तनिवास, विश्रामगृहे आणि घरगुती निवास या वर्गीकरणाच्या कक्षेबाहेरच राहतात.

तारांकनाची दुसरी मर्यादा अधिक मूलभूत स्वरूपाची आहे. खोलीत काय आहे हे तारे सांगतात. खोली कोणाला मिळते हे ते सांगत नाहीत. भारतात हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण येथील निवासाचा जवळजवळ प्रत्येक प्रकार मुळात कोणत्या ना कोणत्या विशिष्ट वर्गासाठी निर्माण झाला. धर्मशाळा यात्रेकरूसाठी, डाक बंगला दौऱ्यावरील अधिकाऱ्यासाठी, विश्रांतिकक्ष रेल्वेच्या प्रवाशासाठी, तर हॉलिडे होम संस्थेच्या कर्मचाऱ्यासाठी. केवळ सुट्टी घालवण्याकरिता घराबाहेर पडलेला पर्यटक हा या व्यवस्थेत बराच उशिरा आलेला पाहुणा होय. त्यामुळे प्रत्येक प्रकाराच्या दारावर जुना नियम आजही कोणत्या ना कोणत्या रूपात लागू असलेला दिसतो. प्रस्तुत लेखात प्रमुख निवासप्रकारांचा परिचय या अंगाने करून दिला आहे.

आरंभीच एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या देशांतर्गत पर्यटनविषयक अहवालांतून असे दिसून येते की, मुक्कामी प्रवासांपैकी बहुतांश प्रवास सामाजिक कारणांसाठी, म्हणजे लग्नकार्य, भेटीगाठी आणि नातेवाइकांकडे जाणे यांसाठी होतात. म्हणजेच भारतातील सर्वांत मोठी निवासव्यवस्था नातेवाइकांचे घर हीच आहे. तिची नोंदणी नाही, तिला दरपत्रक नाही आणि तिच्या प्रवेशाचा निकष तर सर्वश्रुत आहे. पुढील विवेचन ज्यांना असे घर उपलब्ध नसते त्यांच्यासंबंधी आहे.

सराई, धर्मशाळा आणि भक्तनिवास

वाटसरूस आसरा देणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानण्याची परंपरा भारतात जुनी आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वडाची झाडे व आंबराया लावल्याचा, तसेच विहिरी खोदल्याचा उल्लेख असून त्यातील एका शब्दाचा अर्थ अभ्यासक विश्रामस्थान असा लावतात. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने आपल्या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत (१५४०–१५४५) प्रमुख मार्गांवर दर दोन कोसांवर सराया बांधवल्या. या सरायांत हिंदू व मुसलमान प्रवाशांच्या राहण्याची आणि पाण्याची स्वतंत्र सोय होती, असे त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी लिहितो. व्यवस्था सर्वांसाठी होती, पण आत गेल्यावर प्रत्येकाची बाजू ठरलेली होती. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा आपल्या राज्याबाहेरील तीर्थक्षेत्रीही घाट, मंदिरे व धर्मशाळा बांधण्यास द्रव्य दिले. मराठी यात्रेकरूच्या दृष्टीने दूरच्या तीर्थांचा प्रवास सुकर होण्यास या बांधकामांचा मोठा हातभार लागला.

इंग्रजी अमलात धर्मशाळा बांधण्याचे कार्य मुख्यतः व्यापारी, ज्ञातिसंस्था आणि देवस्थाने यांच्याकडे आले. १८६७च्या सराई कायद्याने सरायांची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करण्याचे बंधन घातले आणि स्वच्छतेविषयी काही अटी लादल्या; आत कोणास घ्यावे हे मात्र व्यवहारात बांधणाऱ्याच्या इच्छेवर राहिले. तीर्थक्षेत्रांतील जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर आजही अमुक ज्ञातीची, अमुक गावच्या मंडळींची धर्मशाळा असे कोरलेले आढळते. दूरच्या गावी आपल्या भाषेचा, आपल्या खाण्यापिण्याचा माणूस भेटणे ही त्या काळातील प्रवाशाची खरी गरज होती आणि ज्ञातीच्या धर्मशाळांनी ती भागवली, हे मान्य करावे लागते. परंतु ज्याला कोणतीच ज्ञाती आपल्या दारात उभे करीत नव्हती, त्याचे काय होत असे, याचा विचार केल्यावाचून या परंपरेचे वर्णन पूर्ण होत नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१७ मधील बडोद्याचा अनुभव सुपरिचित आहे. परदेशातील उच्च शिक्षणानंतर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना शहरात राहण्यास जागा मिळेना. हिंदूंच्या खानावळवजा निवासांत, म्हणजे तेथील विशींमध्ये, जात लपवल्याखेरीज प्रवेश मिळणे शक्य नव्हते. अखेर त्यांनी पारशी लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका निवासात पारशी नावाने खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ही हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवली आहे. त्यांच्याजवळ भाडे देण्यास पैसे होते, पदवी होती, संस्थानची नोकरी होती. खोलीही रिकामी होती.

संत गाडगेबाबांनी धर्मशाळांच्या उभारणीस जे महत्त्व दिले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः मात्र कोणत्याही धर्मशाळेत खोली राखून ठेवली नाही. ज्या वारकऱ्यांना पंढरीत अन्यत्र थारा नव्हता, त्यांच्यासाठी बांधलेली तेथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयालगतची त्यांची धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहे. उपचारासाठी परगावी जावे लागणे हाही प्रवासच असतो, ही जाण त्या काळात फार थोड्यांना होती.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, अशी तरतूद आहे. १९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो, धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख करतो. त्यामुळे ‘सर्वांसाठी खुली’ असलेली धर्मशाळा आता अस्पृश्यतेच्या कारणास्तव कोणास परत पाठवू शकत नाही. ज्ञातिसंस्थांच्या खाजगी मालकीच्या धर्मशाळांत मात्र आडनाव, ओळखपत्र वा ‘आपल्या समाजातील’ व्यक्तीची शिफारस मागण्याची पद्धत अद्याप संपलेली नाही.

धर्मशाळेचे आजचे विकसित रूप म्हणजे देवस्थानांचे भक्तनिवास. शिर्डी, शेगाव, तिरुपती अशा ठिकाणी देवस्थानच मोठ्या प्रमाणावर खोल्या बांधून त्यांचे व्यवस्थापन करते. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांची स्वच्छता व सेवेकऱ्यांची शिस्त यांची ख्याती महाराष्ट्रभर आहे. तेथे मिळणारी साधी खोली अनेक शहरी लॉजपेक्षा सरस असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिखांच्या गुरुद्वारांत, उदाहरणार्थ नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे, यात्रीनिवास आणि लंगर या दोन्ही सोयी धर्माचा विचार न करता उपलब्ध असतात. मस्तक झाकणे, तंबाखू व मद्य वर्ज्य करणे हे नियम तेवढे पाळावे लागतात. भक्तनिवासांचा दर कमी असल्याने मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा असते आणि यात्राकाळात आगाऊ आरक्षण बंद ठेवले जाते. वारीच्या दिवसांत पंढरपुरात तर खोली ही संकल्पनाच मागे पडते. मठ, शाळा, नदीकाठच्या ६५ एकर जागेतील तंबू आणि गावकऱ्यांच्या ओसऱ्या हेच लाखो माणसांचे निवास होतात.

डाक बंगला आणि त्याचे वारस

एकोणिसाव्या शतकात टपालाच्या मार्गांवर कंपनी सरकारने ठरावीक अंतरांवर बंगले बांधले. दोन-तीन खोल्या, रुंद व्हरांडा, कौलारू छप्पर, मागे स्वयंपाकघर, एक चौकीदार व एक खानसामा एवढाच त्यांचा पसारा. प्रवासी दारात दिसताच खानसामा अंगणातील कोंबडीमागे धावे. घटकाभरात ती ताटात येत असल्याने या पदार्थास साहेबमंडळींनी ‘आकस्मिक मृत्यू’ असे नाव दिले होते. नवा प्रवासी आल्यास आधीच्याने ठरावीक मुदतीनंतर खोली रिकामी करावी, हा तेथील शिरस्ता होता.

सार्वजनिक बांधकाम विभागाचे विश्रामगृह, पाटबंधारे खात्याचा निरीक्षण बंगला, वनखात्याचे विश्रामगृह आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे सर्किट हाऊस हे सर्व डाक बंगल्याचे वारस आहेत. धरणाच्या भिंतीलगत, घाटमाथ्यावर वा अभयारण्याच्या आत, जेथे कोणत्याही हॉटेलास परवानगी मिळणार नाही अशा मोक्याच्या जागी ते उभे आहेत. नाममात्र दरात ते सामान्य नागरिकासही मिळू शकतात, परंतु आरक्षणाचा प्राधान्यक्रम मंत्री, लोकप्रतिनिधी, कामावरील अधिकारी आणि त्यानंतर इतर, असा असतो. आरक्षण झालेले असले तरी ऐनवेळी ‘साहेब येत आहेत’ या कारणाने ते रद्द होण्याची शक्यता गृहीत धरूनच येथे जावे लागते. शासनाच्या मालकीच्या इतक्या देखण्या इमारती वर्षातील पुष्कळ दिवस कुलूपबंद राहतात, ही बाब पर्यटन धोरणाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

रेल्वेचे विश्रांतिकक्ष याच कुळातील. निश्चित किंवा आरएसी तिकीट हाच येथील प्रवेशपरवाना. काही तासांसाठीही खोली घेता येते आणि मोठ्या स्थानकांत शयनगृहातील केवळ एक खाट घेण्याची सोय असते. रात्री-अपरात्री उतरणाऱ्या प्रवाशास याहून सुरक्षित व स्वस्त पर्याय सहसा सापडत नाही.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या सुट्टीच्या आठवणींत ज्याला मोठे स्थान आहे, असा आणखी एक प्रकार पर्यटनविषयक लेखनात उपेक्षित राहिला आहे. तो म्हणजे बँका, आयुर्विमा महामंडळ, शासकीय खाती व मोठे कारखाने यांची हॉलिडे होम. महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान, उटी अशा ठिकाणी संस्था एखादी इमारत विकत घेते वा हॉटेलातील काही खोल्या वर्षभरासाठी करारावर घेते आणि कर्मचाऱ्यांना त्या अल्प दरात देते. सिमल्याचे जुने ग्रँड हॉटेल हे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे हॉलिडे होम म्हणून वापरात आले. शासकीय नोकरीतील रजा प्रवास सवलतीने प्रवासखर्च भागवला आणि हॉलिडे होमने निवासाचा प्रश्न सोडवला. या दोहोंच्या आधारे नोकरदारांच्या एका पिढीने भारत पाहिला. कायम नोकऱ्यांचे प्रमाण जसजसे घटत आहे, तसतसा हा दरवाजाही अरुंद होत आहे.

राज्यांची सदने व परप्रांतातील मराठी मंडळांचे निवास यांचा येथेच उल्लेख करता येईल. दिल्लीतील महाराष्ट्र सदन प्रामुख्याने शासकीय पाहुण्यांसाठी आहे, तर कोलकात्याच्या महाराष्ट्र निवासासारख्या संस्था तेथील मराठी समाजाने उभारल्या. परमुलखात सकाळी मराठी कानी पडावे, एवढ्यासाठीही काही प्रवासी अशा ठिकाणी उतरतात.

हॉटेल, लॉज आणि राजवाडे

पाश्चात्य अर्थाने हॉटेल म्हणता येईल असा व्यवसाय भारतात बंदरांच्या शहरांत सुरू झाला. मुंबईत १८६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिलेले वॉटसन हॉटेल युरोपीय ग्राहकांसाठी होते. १९०३ मध्ये जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला गेल्याने त्यांनी ताज बांधले, ही लोकप्रिय कथा बहुतेक अभ्यासक प्रमाण मानत नाहीत. तरीही ती इतकी टिकून राहिली, यावरून हॉटेलचे दार आणि प्रतिष्ठा यांचे नाते लोकांच्या मनात किती घट्ट होते हे कळते.

स्वातंत्र्योत्तर काळात खाजगी भांडवल या क्षेत्रात पुरेसे येत नसल्याने शासनाने पुढाकार घेतला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या अधिवेशनासाठी दिल्लीत अशोक हॉटेल बांधण्यात आले, १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. एमटीडीसीच्या निवासांचे वैशिष्ट्य त्यांच्या जागांत आहे. गणपतीपुळ्याचा समुद्र, अजिंठ्याजवळचे फर्दापूर, भंडारदऱ्याचा जलाशय, लोणारचे विवर या ठिकाणी खाजगी व्यावसायिक पोहोचण्यापूर्वी महामंडळ पोहोचले होते. सेवेबाबतच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. तथापि एकट्या स्त्रीस वा अनोळखी कुटुंबास निर्धास्तपणे उतरता येईल असे ठिकाण ही महामंडळाची प्रतिमा अद्याप टिकून आहे.

हॉटेलच्या दरपत्रकातील काही संज्ञा पर्यटकास ठाऊक असणे हिताचे असते. केवळ खोलीचे भाडे असल्यास त्यास युरोपियन प्लॅन म्हणतात. न्याहारी समाविष्ट असल्यास कॉन्टिनेन्टल प्लॅन, न्याहारी व एक जेवण असल्यास मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन आणि सर्व जेवणे असल्यास अमेरिकन प्लॅन. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे बाहेर जेवणाचे पर्याय मर्यादित होते, तेथे हा शेवटचा प्रकार विशेष रुजला. खोली सोडण्याच्या वेळेबाबतही भेद आहे. मोठ्या हॉटेलांत दुपारची ठरावीक वेळ असते, तर स्थानक-परिसरातील अनेक लॉजमध्ये प्रवेशापासून २४ तास मोजले जातात. पहाटे पोहोचणाऱ्यास दुसरी पद्धत फायद्याची.

करआकारणीने हॉटेलांचे आणखी एक वर्गीकरण निर्माण केले आहे. दैनिक १००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली वस्तू व सेवा कराची सूट जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यावरील खोलीवर १८ टक्के कर आहे. धार्मिक स्थळांच्या आवारात नोंदणीकृत धर्मादाय न्यासांकडून दिल्या जाणाऱ्या, दिवसास १००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्या मात्र करमुक्त ठेवण्यात आल्या आहेत. धर्मशाळा आणि हॉटेल यांतील रेषा कायद्याने अशी रुपयांत आखली आहे.

राजवाड्यांचे हॉटेलांत रूपांतर हा भारतातील, विशेषतः राजस्थानातील, लक्षणीय प्रकार होय. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ मध्ये, तर उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास १९६०च्या दशकात हॉटेल झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यावर अवाढव्य वास्तूंचा देखभालखर्च भागवण्यासाठी अनेकांना हाच मार्ग उरला. १९५०पूर्वी बांधलेल्या वाडे, हवेल्या व गढ्यांसाठी पर्यटन मंत्रालयाने वारसा हॉटेल अशी स्वतंत्र श्रेणी केली. ज्या महालांच्या दिवाणखान्यात प्रजेस उभे राहण्याचीही मुभा नव्हती तेथे आता पैसे मोजणारा कोणीही झोपू शकतो. भाडे पाहता या ‘कोणीही’चा अर्थ मर्यादितच घ्यावा लागतो.

पाण्यावरील निवास

काश्मीर आणि केरळ येथील हाऊसबोटी एकाच नावाने ओळखल्या जात असल्या, तरी त्यांत साम्य अल्प आहे. काश्मीर संस्थानात परकीयांना जमीन खरेदी करता येत नव्हती. त्यावर तोडगा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज पाहुण्यांनी पाण्यावरच घरे थाटली. दल व निगीन सरोवरांतील देवदारी लाकडाच्या या बोटी किनाऱ्यालगत नांगरलेल्या असतात. त्या प्रवास करीत नाहीत. पाहुणाच शिकाऱ्यातून ये-जा करतो. आत कोरीव छताचा दिवाणखाना, भोजनकक्ष व रांगेने शयनगृहे असतात आणि मालकाचे कुटुंब बहुधा मागील बाजूस राहते. सुविधांनुसार डिलक्स व त्याखाली अ, ब, क, ड अशा श्रेणी शासनाने ठरवल्या आहेत. नव्या बोटी बांधण्यावरील निर्बंध, देवदाराची महागाई आणि सरोवराच्या प्रदूषणाचा प्रश्न यांमुळे बोटींची संख्या घटत चालली आहे.

केरळची हाऊसबोट याउलट खरोखरच चालते. कुट्टनाडचा तांदूळ कोचीपर्यंत वाहून नेणारी केट्टुवळ्ळम ही होडी खिळे न वापरता फळ्या काथ्याने बांधून तयार केली जाई. तिच्या नावाचा अर्थच ‘बांधलेली होडी’ असा आहे. रस्ते व मोटारवाहतूक वाढल्यावर हा धंदा बसला. १९९०च्या दशकात या होड्यांवर खोल्या चढवून त्यांना नवा व्यवसाय मिळाला. आलप्पुळा येथून दुपारी निघालेली बोट सायंकाळी नांगर टाकते, कारण रात्री पाण्यावर हक्क मासेमाऱ्यांच्या जाळ्यांचा असतो. वेंबनाड सरोवरावर मात्र बोटींच्या वाढत्या संख्येचा ताण पडला आहे.

घरगुती निवास

कोकणातील रस्त्यांवर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशा पाट्या दिसू लागल्या, त्याला आता अनेक वर्षे झाली. मुंबईस गेलेल्या मुलांमुळे रिकाम्या पडलेल्या खोल्या, मागील वाडीतील नारळ-सुपारी आणि घरातील स्त्रीचे स्वयंपाकातील कौशल्य एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचे उदाहरण बोलके आहे. १९९७ मध्ये तेथील सुपारीच्या बागेत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि पर्यटकांची रीघ लागली. हॉटेले नव्हती, म्हणून घरोघरी खोल्या निघाल्या. २०१२ मध्ये मुखवट्याची चोरी होऊन त्या घटनेत दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि गर्दीचे मुख्य कारण नाहीसे झाले. पुढे जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. टाळेबंदीमुळे पर्यटक आधीच थांबले होते. वादळाने सुपारीच्या वाड्याही झोपवल्या. घरगुती निवासाकडे केवळ पाहुण्याच्या सोयीचे साधन म्हणून पाहणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही की, या व्यवसायात यजमानाचे घर, शेती व उत्पन्न ही तिन्ही एकाच छपराखाली असतात.

केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहणे बंधनकारक असून खोल्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. सुविधांनुसार सुवर्ण व रजत अशा दोन श्रेणी दिल्या जातात. महाराष्ट्रातही अशीच निवास व न्याहारी योजना आहे आणि २०२० मध्ये राज्याने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. गोव्यात १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार घरातील खोली पाहुण्यास देण्यासाठीही नोंदणी आवश्यक असते. तेथील पाळोळे किनाऱ्यावरील झोपड्या हा आणखी वेगळा प्रकार. किनारा नियमन क्षेत्रामुळे पक्क्या बांधकामास मनाई असल्याने त्या हंगामाच्या आरंभी उभारल्या जातात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवल्या जातात. संगणकीय आरक्षणाच्या प्रसारानंतर ‘होमस्टे’ हे नाव मालक न राहणाऱ्या बंगल्यांसही सर्रास दिले जाऊ लागले आहे. लोणावळा परिसरातील असे अनेक बंगले प्रत्यक्षात नोकरांकरवी चालणारी हॉटेलेच असतात.

युवकांसाठीची यूथ होस्टेल, तसेच २०१३ नंतर मनाली, ऋषिकेश, गोवा आदी ठिकाणी वाढलेली खाजगी वसतिगृहे खोलीऐवजी खाट भाड्याने देतात. एकट्याने हिंडणाऱ्यांना ती सोयीची आहेत; मात्र काही वसतिगृहे वयोमर्यादा घालतात, तर काही त्याच शहरातील रहिवाशांना घेत नाहीत.

नाकारली जाणारी खोली

वरील प्रकारांपैकी कोणता निवडावा हे पर्यटक ठरवतो, असे समजले जाते. प्रत्यक्षात बहुतेक लॉजच्या स्वागतकक्षात उलट निवडही चालू असते. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांत परकीय नोंदणी कार्यालयास माहिती कळवण्याचे बंधन दीर्घकाळापासून आहे आणि २०२५च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. नोंदणीची प्रक्रिया न केलेले लहान लॉज यामुळे परदेशी व्यक्तीस सरळ ‘जागा नाही’ असे सांगतात. कायदा परदेशी पाहुणा ठेवण्यास मनाई करीत नाही. लॉजचालक कागदपत्रे टाळतो, इतकेच.

स्थानिक पत्त्याचे ओळखपत्र असलेल्यास खोली न देण्याची पद्धतही अशीच अलिखित आहे. अविवाहित जोडप्यांबाबत मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइमतूर येथील एका प्रकरणात स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही. तरीही जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या हॉटेल-साखळीने मेरठमधील आपल्या भागीदार हॉटेलांना अशा जोडप्यांस प्रवेश नाकारण्याची मुभा दिली. संविधानातील तरतूद धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांपुरती आहे. वैवाहिक स्थितीचा उल्लेख तीत नाही, आणि नेमक्या याच फटीचा आधार घेतला जातो.

सर्वांत कमी चर्चिला गेलेला नियम एकट्या व्यक्तीसंबंधीचा आहे. ‘एकट्यास खोली मिळणार नाही’ अशी सूचना अनेक भक्तनिवासांत व लॉजमध्ये आढळते. परक्या गावी खोली घेऊन आत्महत्या करण्याचे प्रकार घडतात आणि पोलीस चौकशीचा त्रास व्यवस्थापनास होतो, हे त्यामागील कारण सांगितले जाते. कारण खोटे नाही, परंतु त्याची झळ वेगळ्याच माणसांना पोहोचते. पतीच्या निधनानंतर एकटीने देवदर्शनास निघालेली वृद्धा, नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेली तरुणी, मुले परदेशी असलेला निवृत्त शिक्षक यांना सामूहिक सभागृहात सतरंजी व लॉकर मिळतो. दार लावून निजता येईल अशी खोली मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण जाहीर केले आहे. त्यात महिला पर्यटक आणि महिला व्यावसायिक यांच्यासाठी सवलती आहेत. देवस्थाने, न्यास आणि खाजगी लॉज यांचे स्वागतकक्ष मात्र त्या धोरणाच्या कक्षेबाहेर असून तेथे एकट्या स्त्रीस आजही बहुधा पहिला प्रश्न ‘सोबत कोण आहे?’ असाच विचारला जातो.